किल्ली ठेवल्यानंतरचा प्रवास

प्रस्तावना

मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळा आज लहान गावांतही आढळतात. चालवणे केव्हा आणि कसे थांबवावे हे शिकवणारी शाळा मात्र कोठेही नाही. ज्याने तीसचाळीस वर्षे स्वतःच्या हाताने गाडी चालवली, त्याला उतारवयात एके दिवशी किल्ली खुंटीला लावावी लागते. त्यानंतर बाजार, दवाखाना, देऊळ, बँक, मित्राचे घर येथे जायचे कसे? या पाठात चेन्नई शहराच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठ वाचून झाल्यावर वाढत्या वयात वाहन चालवणे अवघड का होते हे आपल्याला सांगता येईल. तसेच माहितीपर लेखात वस्तुस्थिती कोणती व लेखकाचे मत कोणते, हेही ओळखता येईल.

मूळ पाठ

चेन्नई हे वाहने घडवणारे शहर आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९ साली, शहराच्या उत्तरेस एन्नोर येथे मोटारी जोडण्याचे काम सुरू झाले आणि त्यातूनच पुढे अशोक लेलँड हा बस व ट्रक बनवणारा उद्योग उभा राहिला. १९९८ पासून जवळच्याच इरुंगट्टुकोट्टै येथून ह्युंदाई कंपनीच्या लहान मोटारी बाहेर पडू लागल्या. मध्यमवर्गीय घरांच्या दारात मोटार आली ती बहुतेक याच सुमारास. तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असलेली, नव्या गाडीच्या काचा स्वतः पुसणारी माणसे आता पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. म्हणजेच, गाडी सोडण्याचा प्रश्न एका संपूर्ण पिढीपुढे एकाच वेळी उभा आहे. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूतील साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण १०.४ टक्के होते. देशाच्या सरासरीहून ते अधिक होते.

वय वाढले म्हणून कोणी वाईट चालक ठरत नाही. उलट, वयस्कर चालक सहसा सावकाश व सावधपणे गाडी चालवतात. अडचण असते ती शरीराच्या काही मूक बदलांची. विशीतल्या डोळ्याच्या मागील पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. त्यामुळे संध्याकाळी रस्ता अंधूक दिसतो आणि समोरच्या गाडीच्या झोताने दिपलेली नजर पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो. काचबिंदूमध्ये कडेची दृष्टी इतक्या हळूहळू कमी होते की, माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. डावीकडून अचानक आलेली दुचाकी त्याला खरोखरच 'अचानक' आलेली वाटते. मान पूर्ण वळत नाही. मधुमेह जुना असेल, तर पायाच्या तळव्याची जाणीव मंदावते आणि ब्रेकवर किती दाब पडला हे नीट कळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. ब्रेक लावायला केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तरी सात मीटर अंतर कापले जाते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलासाठी सात मीटर म्हणजे सर्वस्व होय.

कायद्याने या बाबीची दखल घेतली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि चाळिशीनंतर अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. हे योग्यच आहे. परंतु पुरेसे नाही. डोळे पाच वर्षांची वाट पाहत नाहीत, आणि प्रमाणपत्राकडे केवळ एक कागद म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. खरा निर्णय घरातच व्हावा लागतो.

तो निर्णय कठीण असतो. ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या एका अपघातानंतर, वयाच्या ९७ व्या वर्षी, आपला परवाना परत केला. दिमतीला चालक असलेल्या माणसालाही तोवर स्टिअरिंग सोडवत नव्हते! त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोत ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक तरुण आई व तिची लहान मुलगी मरण पावल्या. जपानमध्ये परवाना स्वेच्छेने परत करण्याची सोय आधीपासून होती. त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी तिचा उपयोग केला. परवाना परत करणाऱ्याला तेथे एक वेगळे ओळखपत्र मिळते आणि ते दाखवल्यास अनेक ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. काढून घेण्याबरोबर काहीतरी हातात ठेवणे, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट आहे. "आप्पा, उद्यापासून गाडीला हात लावू नका," असे मुलाने म्हणणे वेगळे आणि "आप्पा, रात्रीचे मी सोडत जाईन, सकाळी आपण दोघे बसने जाऊन पाहू," असे म्हणणे वेगळे.

चेन्नईत ज्येष्ठांच्या हातात काय आहे? वरवर पाहता पुष्कळ आहे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या 'बीच' स्थानकापासून तांबरमपर्यंत विजेवर चालणारी लोकल गाडी १९३१ पासून धावते. १९९५ मध्ये उंचावरून जाणारी एमआरटीएस ही दुसरी लोकल सुरू झाली; ती १९९७ मध्ये मैलापूरपर्यंत व २००७ मध्ये वेलाच्चेरीपर्यंत गेली. जून २०१५ मध्ये मेट्रो आली. महानगर परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एमटीसीच्या, बसगाड्या तर शहरभर जातात. पेरंबूरहून बेझंट नगरला जाणारी २९ सी ही बस ज्याला ठाऊक नाही, असा चेन्नईकर विरळाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने साठ वर्षांवरील चेन्नईकरांना महिन्याला दहा मोफत बसफेऱ्यांची टोकन देण्याची योजना सुरू केली. दहा टोकन म्हणजे पाच वेळा जाणे आणि पाच वेळा येणे. रोज कपालीश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याचा त्यात आठवडाही निभत नाही. मे २०२१ मध्ये साध्या बसमधून सर्व महिलांना मोफत प्रवास मिळू लागला, तेव्हा पत्नी हवे तितक्या वेळा फिरून येते आणि पती टोकन मोजत बसतो, असे गमतीदार चित्र काही घरांत निर्माण झाले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, त्याला फेऱ्यांची अशी मोजदाद नव्हती.

तथापि, भाडे ही ज्येष्ठांची मुख्य अडचण नव्हे. मुख्य अडचण पायरीची आहे. आपल्याकडील जुन्या पद्धतीची बस ही मुळात ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली असते. तिचा तळ जमिनीपासून तीन फूट किंवा त्याहूनही उंच असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, मागे रांग खोळंबली असताना आणि चालक निघण्याच्या घाईत असताना, ती चढण म्हणजे लहानसा डोंगरच वाटतो. पाच किलोमीटरचा प्रवास त्याला जड जात नाही. पहिल्या तीन फुटांपाशीच तो परत फिरतो. एमआरटीएसची स्थानके उंचावर असल्याने तेथे जिन्यांचा प्रश्न येतो. मेट्रोत उद्वाहक आहेत आणि फलाट व डब्याचा तळ एकाच पातळीवर आहे. परंतु मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात मैलापूर नव्हते, अड्यारही नव्हते. वयस्कर माणसे मोठ्या संख्येने राहतात अशा या जुन्या वस्त्यांतून मेट्रो स्थानक गाठायलाच दुसरे वाहन लागले.

या पायरीसाठी चेन्नईत दीर्घ लढा झाला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. शहराच्या बसचा तळ ४०० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फुटाहून किंचित अधिक, उंचीवर असावा, असा त्यांचा आग्रह होता. अखेर २०२४ मध्ये अशा सखल तळाच्या बसगाड्या रस्त्यावर आल्या आणि २०२५ मध्ये त्याच धर्तीच्या विजेवरील गाड्या आल्या. थांब्यावर या गाडीची एक बाजू किंचित खाली झुकते. चाकाच्या खुर्चीसाठी मागितलेली ही सोय काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना, कडेवर मूल घेतलेल्या आईला आणि भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाईलाही तितकीच उपयोगी पडते.

बसइतकेच महत्त्व पदपथाला आहे. टी. नगर येथील पाँडी बाजारात नोव्हेंबर २०१९ मध्ये पादचाऱ्यांसाठी रुंद, सपाट मार्ग खुला झाला. मे २०२३ मध्ये मांबलम रेल्वे स्थानकापासून टी. नगर बसस्थानकापर्यंत अर्ध्या किलोमीटरहून लांब पादचारी पूल झाला. परंतु शहर म्हणजे टी. नगर नव्हे. बहुतेक गल्ल्यांत पदपथ कोठे उखडलेला, कोठे दुचाकींनी अडवलेला असतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कोसळतो, तेव्हा पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. मे महिन्यातील 'अग्नी नक्षत्रम्'च्या उन्हात दुपारी बारा वाजता बसथांब्यावर उभे राहणे धडधाकट माणसालाही सोसत नाही. ज्येष्ठांचे वेळापत्रक म्हणूनच घड्याळापेक्षा ऋतूवर अधिक अवलंबून असते.

उरलेली पोकळी रिक्षा भरून काढते. मोबाइलवरून रिक्षा मागवता येऊ लागल्यापासून भाड्याची घासाघीस पुष्कळ कमी झाली. मात्र ज्याला पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्याला नाक्यावरचा ओळखीचा रिक्षावालाच बरा वाटतो. चेन्नईत 'अॅक्टिंग ड्रायव्हर' नावाची एक खास सोय आहे. गाडी आपलीच असते. चालक मात्र तासांच्या हिशोबाने बोलावला जातो. लग्नकार्याला किंवा कांचीपुरमला जायचे असेल, तर ही सोय उत्तम. रोजच्या भाजीसाठी ती परवडत नाही.

येथे थोडे गणित करणे इष्ट ठरेल. समजा, दारात उभ्या असलेल्या मोटारीचा विमा, देखभाल, इंधन आणि दरवर्षी घटणारी किंमत मिळून वर्षाला ७२,००० रुपये खर्च होतात. म्हणजे महिन्याला ६,००० रुपये झाले. एका रिक्षाफेरीस १५० रुपये धरले, तर तेवढ्या पैशांत महिन्याला ४० फेऱ्या होतात. तरीही रिक्षाचे दीडशे रुपये देताना हात आखडतो, कारण ते डोळ्यांसमोर खिशातून जातात. गाडीचा खर्च मात्र दिसत नाही. कित्येक ज्येष्ठ रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी घरीच बसतात. ही बचत महागात पडते. चालणे थांबते, भेटीगाठी थांबतात आणि हळूहळू मनही घराच्या चार भिंतींत अडकते.

ज्यांनी गाडी कधी चालवलीच नाही, त्यांना यातील बरेचसे आधीपासून अवगत असते. चाळीस वर्षे बसने शाळेत शिकवायला गेलेल्या पत्नीला कोणत्या थांब्यावर सावली आहे, कोणती बस सकाळी दहानंतर रिकामी असते, हे तोंडपाठ असते. चेन्नईच्या बसमध्ये वाहक पुष्कळदा आपल्या जागी बसून राहतो आणि तिकिटाचे पैसे हातोहात त्याच्याकडे पोहोचवायचे असतात, ही रीतही तिला माहीत असते. 'इरंगणुम', म्हणजे 'उतरायचे आहे', हा तमिळ शब्द योग्य क्षणी मोठ्याने कसा म्हणावा, तेही तीच शिकवते. अधिकारपदावरून निवृत्त झालेल्या गृहस्थाला पत्नीचे बोट धरून बसमध्ये चढणे प्रथम अवघड वाटते. पण शिकण्याची वेळ गाडी सुटल्यावरची नसून गाडी हातात असतानाचीच असते. आधी रात्रीचे चालवणे सोडावे, मग पावसातले, मग महामार्गावरचे. त्या काळात आठवड्यातून दोनदा बसने जाण्याची सवय करावी. पासष्टीत शिकलेली बस ऐंशीत उपयोगी पडते. ऐंशीत ती नव्याने शिकणे फार कठीण जाते.

डिसेंबरात मार्गळी महिन्यातला संगीतोत्सव येतो. म्युझिक अकॅडमीसारख्या सभागृहांत श्रोत्यांमध्ये पांढऱ्या केसांची माणसे अधिक दिसतात. जाणे सोपे असते. रात्री परतणे अवघड. अशा वेळी एकाच इमारतीतील तिघेचौघे मिळून एक वाहन ठरवतात, येताना कोणाला कोठे उतरवायचे याचा क्रम आधीच लावून ठेवतात आणि रिक्षावाल्याला मैफल संपण्याची वेळ दहा मिनिटे अलीकडचीच सांगतात.

शब्दार्थ

मूक – न बोलता, नकळत होणारा
दिमतीला – सेवेसाठी हजर
उद्वाहक – वरखाली नेणारा पाळणा, लिफ्ट
सखल – कमी उंचीचा
वाहक – बसमधील तिकीट देणारा कर्मचारी, कंडक्टर
अवगत – माहीत असलेले

स्वाध्याय

१. 'भाडे ही ज्येष्ठांची मुख्य अडचण नव्हे,' असे लेखात का म्हटले आहे? चारपाच वाक्यांत उत्तर लिहा.

२. या पाठातून वस्तुस्थिती सांगणारी दोन व मत व्यक्त करणारी दोन वाक्ये शोधून लिहा.

३. 'हात आखडणे', 'तोंडपाठ असणे' या वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.

४. आपल्या घराच्या दारापासून जवळच्या बसथांब्यापर्यंत चालत जा. वाटेत सत्तर वर्षांच्या व्यक्तीला कोठे कोठे अडखळावे लागेल, याची नोंद करा आणि त्या आधारे आपल्या ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस एक अर्ज लिहा.