'हेल्प' नीट लिहा, खाते सांभाळा

एजंट म्हटले की आपल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आडत्या किंवा दलाल उभा राहतो. परंतु संगणकाच्या दुनियेत 'एआय एजंट' म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला काम सांगितले की तो स्वतःच दुसऱ्या प्रोग्रामला आदेश देतो, आलेले उत्तर वाचतो आणि पुढचा आदेश ठरवतो. आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर बिले, मजुरी आणि जीएसटीचा हिशेब संगणकावर चालतो. तो बिघडला की दुरुस्त करणारी मुले आता अशा एजंटची मदत घेऊ लागली आहेत. म्हणून हा विषय आपल्याही कामाचा आहे.

ताग्यात खोट दिसली तर धागा नेमका कुठे सुटला ते आपण उजेडात धरून पाहतो. प्रोग्राममधील खोट पाहण्याच्या साधनाला डिबगर म्हणतात. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आतले आकडे त्यातून पाहता येतात. जीडीबी हा जुना आणि मोफत मिळणारा डिबगर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला.

जीडीबीमध्ये नुसते 'हेल्प' लिहिले तर आदेशांचे वर्ग दिसतात. वर्गाचे नाव जोडले तर त्यातील आदेश एकेका ओळीच्या माहितीसह दिसतात आणि आदेशाचे नाव जोडले तर त्याची पूर्ण माहिती मिळते. नाव ठाऊक नसेल तर 'अप्रोपॉस' लिहून पुढे एखादा शब्द द्यावा, म्हणजे तो शब्द असलेले आदेश सापडतात. 'डिफाइन' वापरून आपला स्वतःचा आदेशही बनवता येतो. 'डॉक्युमेंट' वापरून त्याची माहिती लिहिली की 'हेल्प' तीच दाखवते. आमची चूक झाली ती इथेच.

आमच्या पेढीचा मजुरीचा प्रोग्राम एका खात्याची बाकी चुकीची दाखवत होता. तो शोध सोपा व्हावा म्हणून आमच्या पुतण्याने 'खाते' नावाचा आदेश बनवला आणि माहितीत एकच ओळ लिहिली, 'कारागिराची बाकी दाखवते'. प्रत्यक्षात तो आदेश प्रोग्रामच्या ज्या भागाला हाक मारत होता, तो भाग बाकी सांगण्यापूर्वी राहिलेली मजुरी खात्यात जमाही करत होता. पुतण्याला हे माहीत होते, म्हणून तो आदेश जपून वापरी. एजंटला मात्र त्या एका ओळीपलीकडे काही कळण्याचा मार्ग नव्हता. खात्री करण्यासाठी त्याने तो तीनदा चालवला आणि मजुरी तीनदा जमा झाली. काम नकलेवर न करता मूळ वहीवरच चालले होते, ही आमची दुसरी चूक.

शनिवारी तो कारागीर पैसे मोजून परत आला आणि म्हणाला, "शेठ, हे माझ्या कामापेक्षा जास्त आहेत." तो आला नसता तर आम्ही भलत्याच माणसावर संशय घेतला असता. एजंटला दोष देण्यात अर्थ नाही. जे लिहिले होते, त्यावर तो चालला.

यातून आम्ही जे शिकलो ते असे:

१. पहिली ओळ पूर्ण असावी. यादीत फक्त तीच दिसते आणि एजंट तिच्यावरूनच आदेश निवडतो.

२. आदेश केवळ पाहतो की काही बदलतोही, हे स्पष्ट लिहावे. नावावर जाऊ नये. जीडीबीचा 'प्रिंट' हा आदेश दाखवण्याचा वाटतो, पण त्यात बरोबरचे चिन्ह टाकून नवी किंमत दिली तर आतला आकडा बदलतो.

३. काही न जोडता आदेश दिला तर काय होते, ते सांगावे. 'डिलीट' पुढे क्रमांक लिहिला नाही तर लावलेले सगळेच थांबे जातात.

४. आदेश कुठे अडतो ते लिहावे. लांब उत्तर असले की जीडीबी पडदाभर दाखवून कळ दाबण्याची वाट पाहतो. माणूस कळ दाबतो, एजंट खोळंबतो. म्हणून 'सेट पेजिनेशन ऑफ' हा आदेश आधी द्यावा, अशी सूचना हवी.

५. एक खरे उदाहरण आणि त्याचे उत्तर द्यावे. चूक झाल्यास कोणता संदेश येतो आणि मग काय करावे, हेही द्यावे.

जुन्या मेहताजींना अर्धे वाक्य पुरत असे. उरलेले अर्धे ते आमच्या चेहऱ्यावरून किंवा वीस वर्षांच्या सवयीवरून ओळखत. एजंटला चेहरा दिसत नाही आणि आपल्या पेढीची सवयही नाही. त्याच्यासाठी जे लिहिले नाही, ते नाहीच.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्याला दोन गोष्टी जरूर विचारा. काम वहीच्या नकलेवर चालले आहे ना? आणि तुझ्या आदेशांची 'हेल्प' वाचून दाखवशील का? ती ऐकून तुम्हालाच काही उमगले नाही, तर एजंटलाही ते उमगणार नाही असे समजा. आमच्या 'खाते' आदेशाची पहिली ओळ आता अशी आहे: 'राहिलेली मजुरी जमा करते आणि मग बाकी दाखवते, फक्त नकलेवर चालवावे.'