पाळी गेली, इस्ट्रोजेन राहिलं

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम करताना पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, असं नसतं. पाळी चालू असताना अंडाशयातून मुख्यतः इस्ट्राडायॉल येतं, ते जोरकस. नंतर राज्य इस्ट्रोनचं. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोजेनपासून ते चरबीत तयार होतं. तुलनेने सौम्य, पण वजन जास्त असेल तर वर्षानुवर्षं बनत राहतं, आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तर आता जवळजवळ नसतंच. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग स्थूल बायकांत जास्त दिसतो, त्यामागे हे मोठं कारण आहे. “मॅडम, या वयात कसले हार्मोन्स?” असं विचारणाऱ्या काकूंना मी आधी वजनकाट्यावर उभं करते.

२. गर्भाशयाची पिशवी असलेल्या बाईला एकट्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नयेत. हा धडा अमेरिकेने महागात घेतला. गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनणारं प्रेमारिन तिथे १९४२पासून विकलं जात होतं. १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन अभ्यास आले : इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त. सोबत प्रोजेस्टोजेन दिलं की अस्तराला संरक्षण मिळतं. म्हणून माझा पहिला प्रश्न, “पिशवी आहे का?” आपल्याकडे याचं उत्तर पटकन मिळतं, पण “अंडाशय ठेवलेत का?” विचारलं की बाई नवऱ्याकडे बघते आणि नवरा छताकडे. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा हो!

३. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध दुतोंडी आहे. स्तनात इस्ट्रोजेनची वाट अडवतं, गर्भाशयाच्या अस्तराला मात्र इस्ट्रोजेनसारखंच चेतवतं. तरीही ते आपल्या मनाने बंद करू नये. स्तनाच्या कर्करोगात त्याचा फायदा बहुतेकींसाठी या धोक्याहून मोठा असतो. रक्तस्राव दिसला तर लगेच सांगावं, एवढंच.

४. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं खापर हार्मोन्सवर फोडू नका. तिथला मुख्य दोषी एचपीव्ही विषाणू.

५. “डॉक्टर, माझी पाळी परत आली,” असं साठीची बाई हसत सांगते तेव्हा मला हसू येत नाही. अंडाशयातली ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवते आणि अस्तर वाढून रक्तस्राव होतो. अशी गाठ विरळा, पण सोनोग्राफीत अंडाशयही नीट पाहायला हवेत.

६. योनीत लावायच्या इस्ट्रिऑल क्रीमला बायका उगाच घाबरतात आणि कोरडेपणा, जळजळ सोसत बसतात. थोड्या मात्रेत लावलं तर ते रक्तात फारच कमी उतरतं. ज्यांना आधी कर्करोग झालाय त्यांनी मात्र कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच वापरावं.

७. शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी हवी. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण अशा वेळी सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर तुकडा काढून तपासायला लागतो. अस्तराचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. तेव्हा “उष्णता झाली असेल” म्हणून सब्जा पीत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.