पायाशी उजेड हवा, पण फ्यूजसकट

आईचे गुडघे दुखतात. रात्री गाडीत बसताना ती पाय चाचपत आत घेते, कारण छतावरच्या दिव्याचा उजेड सीटपर्यंतच पोचतो आणि खाली मॅटवर काळोखच राहतो. म्हणून पुढे-मागे चारही ठिकाणी पायाशी एलईडी पट्ट्या बसवून घेतल्या. ॲक्सेसरीच्या एका दुकानात तासाभरात काम झालं. दार उघडलं की मॅट लख्ख दिसायची आणि आई निर्धास्त पाय टाकायची.

पुढे पावसाळ्यात कराडहून चिपळूणला निघालो असताना कुंभार्ली घाटात प्लास्टिक जळल्याचा वास येऊ लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तिथे काहीच नव्हतं. वास डॅशबोर्डखालून येत होता. बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि टॉर्च घेऊन पेडलांपाशी वाकलो. नवी तांबडी वायर क्लचच्या ब्रॅकेटवरून तशीच ओढून नेलेली होती. क्लच दाबला की ती पत्र्याच्या कडेवर घासायची. बोटभर लांबीत आवरण सोलवटून आतलं तांबं चकाकत होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. वायरचा माग काढत गेलो, तर ती इग्निशन स्विचकडे जाणाऱ्या जाड वायरला नुसती पीळ देऊन जोडलेली. वर टेप गुंडाळलेला, त्याचा डिंक उष्णतेने ओघळलेला. मध्ये फ्यूज कुठेच नाही.

‘एवढ्याशा दिव्याने काय होणार?’ असं पुष्कळ जण म्हणतात. दिव्याने खरंच काही होत नाही. मीटरला साठ एलईडी असलेली नेहमीची पट्टी मीटरमागे साधारण १४ वॅट खाते. फूटभराचे चार तुकडे लावले तरी १२ व्होल्टवर दीड ॲम्पियरच्या आतबाहेरच वीज लागते. धोका वायरचा असतो. गाडीची सगळी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. उघडी पडलेली पॉझिटिव्ह वायर पत्र्याला टेकली की बॅटरी तिच्यातून शेकडो ॲम्पियर ढकलू शकते. मुख्य लाइनचा फ्यूज जाड वायरच्या हिशेबाने दिलेला असतो. तो उडायची वाट बघेपर्यंत आपली बारीक वायर लालबुंद होते, आणि तिच्याभोवती फोम, कार्पेट, प्लास्टिक असतं. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो वीज जिथून घेतली तिथेच, अगदी सुरुवातीला हवा. चार पट्ट्यांना जांभळा, ३ ॲम्पियरचा पुरतो. तो वारंवार उडत असेल तर मोठा घालू नका. कुठे शॉर्ट होतंय ते शोधा.

ती सगळी वायरिंग मी उपसून काढली आणि पट्ट्या स्वतः पुन्हा बसवल्या. कामाला हात घालण्याआधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हा पहिला नियम. वीज घेण्यासाठी फ्यूज टॅप मिळतो. मूळ फ्यूज काढून त्या जागी टॅप बसवायचा, त्यात जुना आणि नवा असे दोन्ही फ्यूज बसतात. कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. फ्यूजचे आकार वेगवेगळे असतात, तेव्हा आपला जुना फ्यूज हातात घेऊनच दुकानात जा. जागा निवडताना चार्जिंग सॉकेट किंवा आतल्या दिव्याची लाइन घ्या. एअरबॅग, एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिनाचा कंप्युटर यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

पिवळा रंग दिसला की हात मागे. पिवळ्या नळीतल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक कारमध्ये आपण जिथे डोकं घालून काम करतो तिथेच ही वायरिंग असते. एअरबॅग फुटायला थोडीशीच वीज पुरते. तिथे टेस्ट लॅम्प टेकवून ‘करंट आहे का’ बघणं म्हणजे तोंडाशी सुरुंग चाचपणं आहे.

दार उघडल्यावरच दिवे लागावेत असं वाटत असेल तर जरा समजून घ्यावं लागतं. पुष्कळ जुन्या गाड्यांत दाराचा स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो. तिथे पट्टीची पॉझिटिव्ह फ्यूजमधून आणि निगेटिव्ह त्या स्विचच्या वायरवर, एवढं पुरतं. नव्या गाड्यांत हा दिवा कंप्युटर चालवतो आणि त्याच्या त्या तारेला जादा भार झेपेलच असं नाही. तिथे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला समोर बसवून काम करून घ्या. कमीपणा मानू नका. याहून सोपं हवं असेल तर सॉकेटमध्ये खोचायची पट्टी घ्या, तीही चालते.

रिमोटवर रंग बदलणारे संच मला पसंत नाहीत. त्यांची डबी चोवीस तास जागी असते. पट्ट्याच रात्रभर चालू राहिल्या तर दीड ॲम्पियरने दहा तासांत १५ ॲम्पियर-तास जातात. छोट्या कारची बॅटरी ३५ची, ती जुनी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. शिवाय निळा-जांभळा उजेड घाटात काचेवर उमटतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीसेक मिनिटं किंवा अधिक लागतात आणि पायाशी सतत जळणारा दिवा ती सवय होऊच देत नाही. पिवळसर, मंद पट्टी घ्या आणि दार लागलं की ती विझलीच पाहिजे.

नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती सुटते आणि पट्टी ब्रेकच्या पेडलाशी लोंबते. केबल टाय लावा. जोड मॅटवर ठेवू नका. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथेच साचतं आणि तांबं हिरवं पडतं. मागची वायर सीटच्या रुळापासून लांब, कार्पेटखालून न्या. बॅटरी जोडण्याआधी तिन्ही पेडलं तळापर्यंत दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, सीट पुढे-मागे सरकवा. कुठेही वायर ताणली किंवा घासली तर ती पुन्हा बांधा.

बाहेरून पट्ट्या बसवून घेतल्या असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आजच टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या बाजूला खाली वाकून बघा. नव्या वायरला फ्यूज नसेल तर ती सोडवा आणि फ्यूज बसेपर्यंत पुन्हा जोडू नका.