पोरगं जेवतंय का, ते आधी विचारा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाविद्यालयं बंद झाली आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी मुलं पाठीवरची सॅक घेऊन गावी परतली. आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे असल्यामुळे मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातल्या मुलामुलींशी, म्हणजे कोळवण, हाडशी, वाळेण, काशिग इथल्यांशी, माझं बोलणं पुढे पावणेदोन वर्षं चालू राहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. शिकवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

१. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की 'बरंय मॅडम' एवढंच उत्तर येतं. काल रात्री काय जेवलास, झोप कधी लागली, सकाळी कोण उठवतं, असं विचारलं की मूल बोलायला लागतं. एकदा मुलाच्या हातातून फोन घेऊन त्याची आईच म्हणाली, "मॅडम, ताटावर बसतंय आन् तसंच उठतंय. गोठ्याकडं पन फिरकत न्हाई." त्या माउलीने दोन वाक्यांत जे सांगितलं ते कुठल्याही गुगल फॉर्ममध्ये मावलं नसतं. अंग, अन्न आणि झोप यांच्या वाटेनेच मनापर्यंत जाता येतं.

२. फोन लागत नाही म्हणजे मूल टाळतंय, असं धरून चालू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोकणातून ते घाट चढून मावळ-मुळशीत शिरलं, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. वीज नाही म्हणजे चार्जिंग नाही, आणि टॉवरही मुका. एरवीसुद्धा रेंजसाठी मुलं चढावर जाऊन बसत, आणि घरातला एकच स्मार्टफोन वडील कामावरून आले की मिळे. अशा वेळी निरोप पोचवला तो आशाताईंनी, दुधाच्या गाडीवाल्याने, किराणा दुकानदाराने. प्रत्येक विद्यार्थ्यामागे गावातल्या अशा एका माणसाचा नंबर आपल्याकडे हवाच. आणि तासाभराच्या व्हिडिओपेक्षा दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण बरं. ते बांधावर बसूनही ऐकता येतं.

३. मुलांना सगळ्यात जास्त पोखरलं ते अनिश्चिततेने. शेवटच्या वर्षाची परीक्षा राज्य सरकार नको म्हणत होतं, विद्यापीठ अनुदान आयोग घ्याच म्हणत होता. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये पुणे विद्यापीठाची परीक्षा झाली. मधले महिने मुलं पुस्तक उघडतही नव्हती आणि मिटतही नव्हती. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी निरोप पाठवायचो: आज एवढं ठरलंय, एवढं ठरलेलं नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा सांगू. सांगण्यासारखं काही नसलं तरी निरोप जायचाच. शनिवार ठरलेला आहे, एवढ्यानेही झोप लागते, असं एक मुलगी म्हणाली होती.

४. आवणीच्या दिवसांत तास बुडवणाऱ्याला रागावू नये. आषाढात चिखलात उतरून घरच्यांबरोबर भात लावणारी मुलं, माझ्या पाहण्यात, खोलीत मोबाइल घेऊन पडलेल्यांपेक्षा लवकर सावरली. पिरंगुटच्या कंपन्यांतलं काम सुटलेल्या बापाची चिंता मात्र निराळी. तिथे समुपदेशनाआधी फीचे हप्ते पाडून द्यावे लागतात.

५. मुलींच्या बाबतीत कान टवकारून ठेवावे लागतात. साथीतल्या पन्नास माणसांच्या मर्यादेत लग्न स्वस्तात उरकतं, हा हिशेब कितीतरी घरांत झाला. मुलगी स्वतः सांगत नाही. ती फक्त पुढच्या वर्षाच्या फॉर्मचं विचारायची थांबते. अशा घरी फोन करताना उपदेश करू नये. "दादा, तिची एवढीच दोन सत्रं राहिलीत, पदवी हातात येऊ द्या," असं म्हणावं, आणि तिच्या आईशीही वेगळं बोलावं. काही लग्नं थांबली, काही नाही. झालेल्या लग्नानंतरही तिचा प्रवेश चालू राहील यासाठी सासरच्यांशीसुद्धा बोलावं लागतं.

६. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, घराघरांतली माणसं गेली. याविषयी मला जास्त सांगायचं आहे. आपल्याकडे दुःख एकट्याने वाहायचं नसतं. सांत्वनाला माणसं येतात, भावकी पिठलं-भाकरी आणते, दहाव्याला सगळे नदीवर जमतात, कावळा शिवेपर्यंत थांबतात. त्या वर्षी अंत्यविधीला मोजकी माणसं, तोंडही नीट पाहू दिलेलं नाही. आजोबा गेलेल्या, वडील गेलेल्या मुलांच्या मनात तो माणूस गेला हेच पुरतं उतरलं नव्हतं. आम्ही एवढंच केलं की वर्गातल्या तिघाचौघांनी फोनवर एकत्र यायचं आणि गेलेल्या माणसाबद्दल त्या मुलाला बोलू द्यायचं: ते बैल कसे हाकायचे, कुणावर ओरडायचे, कोणता अभंग म्हणायचे. उपाय सांगायचा नाही. कुणी रडलं तर फोन ठेवायचा नाही. परीक्षेत सवलत हवी असेल तर अर्ज शिक्षकाने लिहावा, मुलाने फक्त सही करावी. मृत्यूचा दाखला मागणारी भाषाही जपून वापरावी.

७. २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं पुन्हा उघडली तेव्हा दुसऱ्या वर्षातल्या कित्येकांनी आपला वर्ग पहिल्यांदा पाहिला. त्यांना आधी एकमेकांची तोंडं पाहू द्यावीत, अभ्यासक्रम नंतर.

८. केव्हा आपलं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं, हे शिक्षकाला कळायला हवं. मूल जगणं नको म्हणालं तर एक दिवसही थांबू नये. आता टेलिमानसची १४४१६ ही मोफत सेवा आहे, दिवसरात्र, मराठीतूनही. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली; साथीत ती हाताशी असती तर किती बरं झालं असतं. नंबर नुसता फलकावर लावू नये. पहिला फोन करताना मुलाच्या शेजारी बसावं आणि त्याला हवं असेल तेव्हाच उठून बाहेर जावं.