दोन भाऊ, दोन देश

स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी २७ सप्टेंबर १९९२ रोजी ग्रानित झाका याचा जन्म झाला. त्याचे आईवडील कोसोव्हो प्रांतातून तेथे आले होते. युगोस्लाव्हियाच्या राजवटीविरुद्ध निदर्शने केली म्हणून वडिलांनी विद्यार्थिदशेतच साडेतीन वर्षे कारावास भोगला होता. परमुलखात नव्याने संसार मांडणाऱ्या या अल्बानियन भाषिक कुटुंबात ग्रानित आणि दीड वर्षाने मोठा ताउलांत हे भाऊ फुटबॉलच्या नादी लागले. २००२ साली दोघेही एफ. सी. बासेल या नामांकित संघाच्या बालविभागात दाखल झाले.

धाकट्याचा उत्कर्ष लवकर झाला. २००९ साली नायजेरियात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भरली. यजमानांनाच अंतिम सामन्यात हरवून स्विस मुलांनी चषक जिंकला. ग्रानित त्या संघात होता. असे यश स्वित्झर्लंडच्या थोरांनाही कधी लाभले नव्हते! पुढील वर्षी बासेलच्या मुख्य संघातून खेळताना पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि २०११ साली, अठराव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडकडून इंग्लंडविरुद्ध खेळला.

ताउलांतने मात्र अल्बानियाच्या संघातून खेळणे पसंत केले. ११ जून २०१६ रोजी फ्रान्समधील लांस येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत हे दोन देश समोरासमोर आले. सख्खे भाऊ परस्परांविरुद्ध खेळण्याचा त्या स्पर्धेतील तो पहिलाच प्रसंग. स्वित्झर्लंडने एका गोलाने विजय मिळविला. एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा पराजय. मातेने टाळी तरी कोणासाठी वाजवावी? प्रेक्षकांत बसलेल्या त्या माउलीच्या सदऱ्याचा अर्धा भाग स्वित्झर्लंडच्या ध्वजाचा होता, अर्धा अल्बानियाच्या.