क्रांतिक बिंदूपलीकडील जल आणि आपली क्वाथकल्पना

शार्ङ्गधराने क्वाथासाठी भरड द्रव्याच्या सोळापट जल घेऊन ते अष्टमांश उरवावयास सांगितले. क्वाथपात्राचे मुख उघडे ठेवण्याचा परिपाठही आपण पाळतो. त्यात एक भौतिक मर्यादा आपोआप सांभाळली जाते. उघड्या पात्रातील जल हवेच्या दाबाने ठरलेल्या उत्कलनबिंदूपुढे तापत नाही. कोल्हारला प्रवरेकाठी तो शंभर अंशांच्या किंचित खाली असतो. जाळ वाढविल्यास जल लवकर आटते, इतकेच.

मुख बंद केले की दाब व त्याबरोबर उत्कलनबिंदू चढतो. प्रेशर कुकरमध्ये तो सुमारे १२० अंश असतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये याहून पुष्कळ अधिक. मात्र हा चढ अमर्याद नाही. ३७४ अंश सेल्सिअस तापमान व सुमारे २१८ वातावरण दाब या बिंदूशी द्रव आणि वाफ यांची घनता एकच होते व दोहोंमधील सीमा नाहीशी होते. त्यापलीकडे उकळणे ही क्रियाच उरत नाही. हे केवळ प्रयोगशाळेतील कौतुक नव्हे. तिरोडा व कोराडी येथील ६६० मेगावॅटचे वीजसंच याच अवस्थेतील जलावर चालतात.

औषधनिर्मात्याने लक्षात घ्यावे ते याहून वेगळे. या अवस्थेत जलाच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध बरेचसे तुटतात आणि त्याचा स्वभाव उलटतो. क्षारकल्पनेत ज्या जलात आपण भस्म कालवून क्षार उतरवून घेतो, तेच जल तेथे क्षार टाकून देते. उलट तैल व प्राणवायू त्यात सहज मिसळतात. प्राणवायू सोडल्यास सेंद्रिय पदार्थ अल्पावधीत जळून जातात. म्हणूनच त्याचा उपयोग विषारी सांडपाण्याच्या नाशासाठी करतात. गुडूची त्यात टाकल्यास गुडूची उरणार नाही!

मग बाजारात ‘सुपरक्रिटिकल’ म्हणून येणारे अर्क कशाचे? ते बहुधा कार्बन डायऑक्साइडने काढलेले असतात. त्याचा क्रांतिक बिंदू अवघा ३१ अंश व ७३ वातावरणांच्या आसपास आहे, त्यामुळे द्रव्य फारसे तापत नाही व दाब सोडताच वायू निघून जातो. पद्धत उत्तम, परंतु हा वायू मुख्यतः स्नेहविद्राव्य अंशच घेतो. सुंठीचे तैल व तिखट घटक त्यात चांगले येतात. हळदीचे सुगंधी तैल येते, पण पीत कर्क्युमिन फारच अल्प. हरीतकीचा कषाय अंश, म्हणजे टॅनिन, जवळजवळ मागेच राहतो.

तेव्हा असा अर्क क्वाथाच्या जागी वापरून लेबलावर क्वाथाचे नाव घालणे हे रुग्णाशी अप्रामाणिकपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्वाथाच्या मात्रेवरून अर्काची मात्रा काढणे तर धोक्याचेच. फार्मसीचालकांनी खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून विद्रावक कोणता, सोबत मद्यार्क वापरला काय, आणि किती द्रव्यापासून किती अर्क मिळाला, हे लेखी मागून घ्यावे.