जुन्या लष्करी जीपची तेलगळती: सील शे-दोनशेचं, बिल हजारांचं

सीलची किंमत विचारू नका. सीलपर्यंत पोचायला काय पडेल ते विचारा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जीपच्या तेलगळतीचा सगळा हिशेब या एका प्रश्नात आहे. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या आणि पुढे सीजे-थ्रीबीतही स्पायसर १८ घराण्यातलीच ट्रान्सफर केस राहिली. त्यामुळे आउटपुट शाफ्टचं ऑइल सील आजही मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा पुण्यात नाना पेठेत साधारण शे-दोनशे, फार तर तीनशे रुपयांत मिळून जातं. खाली दिलेले आकडेही असेच अंदाजाचे आहेत. शहर आणि मिस्त्री बदलला की तेही बदलतील.

गळती कुठून आहे हे ठरल्याशिवाय एकही नट सैल करू देऊ नका. चालत्या गाडीखाली वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे ओलं दिसतं तिथलंच सील गेलेलं असेल असं नाही. खालची बाजू डिझेल-ब्रशने धुऊन घ्या (तीन-चारशे रुपये), पंधरा-वीस किलोमीटर फिरवा आणि रात्रभर खाली पुठ्ठा अंथरा. काळं तेल इंजिनचं. जाड आणि गंधकासारखा उग्र वास येणारं ते गिअर ऑइल. चाकाच्या आतून पातळ, पारदर्शक द्रव उतरत असेल तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी जागची हलवू नका.

मग फुकटातले इलाज. गिअर तापले की आतली हवा फुगते आणि ब्रीदर (ती हवा बाहेर सोडणारा मार्ग) चिखलाने बुजला असेल तर ती सीलमधून तेल घेऊन बाहेर पडते. इंजिनचा क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह काजळीने जाम झाला की हाच प्रकार इंजिनात होतो. शिवाय या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असल्यामुळे तेल एकातून दुसऱ्यात सरकतं: गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर केस गळ्यापर्यंत भरून गळू लागते. दोन्हीकडचे लेव्हल प्लग उघडून बघा. गिअरबॉक्सला पाऊण लिटर आणि ट्रान्सफर केसला दीड लिटरही लागत नाही.

खरं खर्चाचं ठिकाण म्हणजे ट्रान्सफर केसचा मागचा आउटपुट. हँडब्रेकचा ड्रम इथेच बसवलेला असतो, म्हणून सील गळलं की लायनिंग तेलात भिजतं आणि चढावर हँडब्रेक नावापुरता उरतो. मिस्त्री प्रोपेलर शाफ्ट सोडवतो, कॉटर पिन काढून नट खोलतो आणि पुलरने योक (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडलेला असतो तो भाग) ओढतो. या क्षणी तुम्ही तिथे हजर असायला हवं. योकवरच्या ज्या चकचकीत पट्ट्यावर सीलचा ओठ टेकतो तो पुसून त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलने तिथे खाच पाडली आहे. नवीन सील काही दिवसांत पुन्हा गळणार. मग स्लीव्ह चढवा (लेथवाल्याकडे पाचशे ते हजार) किंवा योक बदला (दीड ते तीन हजार). शाफ्ट वर-खाली हलवून बघा. खेळ असेल तर दोष बेअरिंगचा किंवा शिमचा आहे, सीलचा नाही.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी, ओठाला ग्रीस हवं आणि ते सरळ पाइपाच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकायला हवं. एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतात. योकच्या स्प्लाइनमधूनही तेल झिरपत नटाखालून बाहेर येतं, तेव्हा तिथे सीलंटचा पातळ हात मारायला सांगा. नाहीतर नव्या सीलला उगाच दोष लागतो.

मजुरी दीड ते तीन हजार, लायनिंग पाचशे-आठशे, तेल आठशे-हजार धरलं तर काम तीन ते पाच हजारांत बसतं. योक आणि बेअरिंग आली तर आठ-दहा हजारांची तयारी ठेवा. तेल जीएल-४ दर्जाचं मागा. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं काही वेळा पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

खरेदीत फसगत मापांची होते. हे शाफ्ट इंचांतले आहेत. ‘जवळचं’ मिलिमीटरचं सील घेऊ नका. ट्रान्सफर केसचा इंटरमीजिएट शाफ्ट युद्धकाळात पाऊण इंचाचा होता, नंतर सव्वा इंचापर्यंत वाढला. सीजेचं किट एमबीला चालेलच असं नाही, म्हणून कॅलिपर घेऊनच दुकानात जा.

क्रँकच्या मागच्या सीलचं गणित वेगळंच. मूळ इंजिनात तिथे दोरीसारखी पॅकिंग असते आणि वरचा अर्धा भाग बदलायचा तर क्रँक काढावा लागतो, म्हणजे इंजिन खाली. मजुरीच पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. रात्रभरात दोन-चार थेंब पडत असतील आणि क्लच घसरत नसेल, तर माझ्या मते खाली ट्रे ठेवा आणि इंजिन दुसऱ्या कामासाठी उतरेल तेव्हाच हे उरका.

काम झाल्यावर जुनं सील आणि जुना योक मागून घ्या. योकचे पैसे लावून जुन्याच योकवर नवं सील चढवलं आहे का, हे तेवढ्यानेच कळतं.